रॉकेलवरची उबवणी

रॉकेल म्हणजे काय, असं मला कुणी विचारत नाही, आणि हेच माझ्या आयुष्याचं मोठं दुःख आहे. विचारलं असतं तर तासभर बोललो असतो. पेट्रोल भडक डोक्याचं. ठिणगी दिसायचा अवकाश, अंगावर धावून येतं. रॉकेल समजूतदार. वाटीभर रॉकेलात पेटती काडी टाकली तर बहुतेक वेळा काडीच विझते. हे घरी करून बघू नका. मी बघितलंय, आणि मला बघताना बायकोने बघितलंय. रॉकेलला पेटायला वात लागते, नाहीतर पंप मारमारून त्याची वाफ करावी लागते. थोडक्यात, कुणीतरी मागे लागल्याशिवाय ते काही करत नाही. बायको म्हणते, तेवढ्यापुरतं तरी आमचं नातं जवळचं आहे.

माझं दुकान कंदील आणि स्टोव्ह दुरुस्तीचं. एके काळी दुकानापुढे रांग असायची. मग घरोघरी गॅस आला, वीज भरवशाची झाली, आणि रांगेतली माणसं एकेक करून शेजारच्या शिंप्याकडे वळली. आता माझ्याकडे येतात ते सायकलची साखळी धुवायला वाटीभर रॉकेल मागणारे, नाहीतर हॉटेलवाले. हॉटेलवाल्यांना जुने कंदील हवे असतात, पण आत बल्ब बसवून. मी बसवून देतो. देताना तोंड असं करतो की एकदा एका हॉटेलवाल्याने मला पाणी आणून दिलं होतं.

पण माझी श्रद्धा ढळलेली नाही. बिजागरी कुरकुरते? रॉकेल. नट गंजला? रॉकेल. हाताला रंग लागला, पलंगाला ढेकूण झाले, मुंग्यांची रांग लागली, उत्तर एकच. घरात काही बिनसलं की माझी नजर आपोआप बाटलीकडे जाते. बायको म्हणते, "दुसऱ्यांचे नवरे बाटलीकडे बघतात तेव्हा निदान चोरून तरी बघतात."

आता सासूबाईंबद्दल. त्या आमच्याच अंगणापलीकडच्या खोलीत राहतात. त्यांची एक कोंबडी आहे. तिला आम्ही बाईसाहेब म्हणतो, कारण ती तशीच चालते. सासूबाई दिवसभर बाईसाहेबांशी गप्पा मारतात. माझ्याशी त्यांचं बोलणं म्हणजे, "जावईबापू, जरा वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसता का?" मला स्वतःला माझ्या अंगाचा रॉकेलचा वास येत नाही. इतक्या वर्षांत नाकाने हात टेकलेत.

तर या सासूबाई ओल्या अंगणात घसरल्या आणि मांडीचं हाड मोडलं. रुग्णवाहिकेत चढवताना त्यांनी माझा हात धरला. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. माझा ऊर भरून आला.

"कोंबडी खुडूक बसलीय," त्या कण्हत म्हणाल्या. "अंडी उबवू द्या तिला. कुणी हात लावायचा नाही. तुम्ही तर मुळीच नाही."

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी खुराड्यात डोकावलो तर फळ्यांच्या फटींत तांबड्या बारीक पिसवांची वसाहत. बिचाऱ्या बाईसाहेब बसल्याबसल्या अंग झाडत होत्या. अशा वेळी ज्याच्याकडे जन्मभराचा अनुभव आहे आणि बाटलीही आहे, अशा माणसाने काय करावं? मी बाईसाहेबांना उचललं. त्यांनी माझ्या नाकाला चोच मारली. मी अंडी अलगद टोपलीत काढून ठेवली, आणि एकही फट न सोडता सगळं खुराडं ब्रश फिरवून रॉकेलने सारवलं. पिसवांचा निकाल लागला. वर गवत घातलं, अंडी जागेवर ठेवली, आणि दाराशी अदबीने उभा राहिलो.

बाईसाहेब आल्या. मान आत घातली. मान बाहेर काढली. मग माझ्याकडे वळून बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. लग्न ठरवायला आम्ही गेलो होतो तेव्हा सासूबाई चहा द्यायला जवळ आल्या आणि अशाच बघत राहिल्या होत्या. सासूबाई निदान तिथेच थांबल्या. बाईसाहेब उडाल्या त्या थेट कुंपणाच्या भिंतीवर.

मी खुराडं साबणाने धुतलं. उन्हात वाळवलं. गवत बदललं. बाईसाहेबांना काखेत धरून अंड्यांवर बसवलं आणि वरून हात दाबून धरला. नाकाची दुसरी बाजूही फुटली. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"अहो, काय केलंत?"

"काही नाही गं. थोडंसंच रॉकेल..."

ती पायरीवर बसली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती उठली, अंडी लोकरीच्या शालीत गुंडाळली, शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवली आणि म्हणाली, "चला, आईला भेटायची वेळ झालीय. आणि तिथे तोंड उघडू नका."

दवाखान्यात सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं, पण ताट तसंच होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, "हाड जुळेल. पण या उठायचं नावच घेत नाहीत. या वयात माणूस एकदा अंथरुणाला चिकटला की परत उठत नाही. यांना उठावंसं वाटेल असं काहीतरी बघा."

आत आलो. बायकोने आईच्या केसांवरून हात फिरवला. "आई, उठायला हवं गं."

"उठून करायचं काय?" भिंतीकडूनच आवाज आला. नेहमी माझ्यावर डाफरणारा तो आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटली. मग थोड्या वेळाने तोच आवाज म्हणाला, "बसलीय ना ती?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडायचं नव्हतं, पण उघडलं.

"बसणं अगदी चालू आहे, आई. जागचं हलणं नाही."

सासूबाई वळल्या. मला नखशिखांत न्याहाळलं, नाकावरच्या पट्ट्यांसकट. "पिल्लं निघाली की बघायला येईन घरी," म्हणाल्या, आणि ताट जवळ ओढलं.

बसणं चालू आहे हे खरंच होतं. कुणी बसायचं तेवढं ठरायचं होतं.

उबवणीची पेटी मी त्याच संध्याकाळी बनवली. लाकडी खोक्याच्या आत पत्र्याचं खोकं, मधे लाकडाचा भुसा. बाहेर एका बाजूला कंदील. कंदिलाच्या डोक्यावर पत्र्याची नळी, ती पेटीच्या पोटातून आरपार जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर. म्हणजे ऊब आत राहील आणि धूर परभारे निघून जाईल, कारण रॉकेलचा धूर अंड्याला लागला तर आतला जीव गुदमरतो. एक पाण्याची बशी, हवेसाठी भोकं. हे सगळं सांगताना माझी छाती जरा फुगते, तर स्वतःलाच चिमटा काढून सांगतो की पहिल्यांदा मी पेटीला दारच ठेवलं नव्हतं.

"हे घरात नको," बायको म्हणाली. "वासाने आणखी कोण कोण भिंतीवर जाऊन बसेल सांगता येत नाही."

म्हणून पेटी दुकानात आली. शेजारचा शिंपी गळ्यात टेप घालून बघायला आला. त्याला मी शिंपीदादा म्हणतो. तो मला रॉकेलशेठ म्हणतो.

"काय रॉकेलशेठ, नवीन धंदा?"

"अंडी उबवतोय."

त्याने पेटीत डोकावून अंडी मोजली. मग टेप काढून माझ्या कमरेभोवती धरला. "पंखांचं माप घेऊन ठेवतो," म्हणाला.

अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात. आणि रॉकेलचा हात लावून चालत नाही. कवचाची बारीक छिद्रं तेलाने बुजतात. म्हणजे दर वेळी हात घासून धुवायचे. मी! ज्याच्या हातची चहाची कपबशी आमच्या घरात वेगळी ठेवतात! नखांच्या कडेची काळी रेघ, जी मी जन्मखूण समजत होतो, ती चार दिवसांत निघून गेली. बायकोने माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "अरेच्चा, आत माणूस आहे की."

पण कंदिलाने छळलं. तो माझ्या हातचा, मीच दुरुस्त केलेला, म्हणून तर जास्त. वात जराशी तिरकी कापली गेली की ज्योतीला एका बाजूने शिंग फुटायचं, काच काळी व्हायची आणि उष्णता उतरायची. मग मी दिवसभर त्या कंदिलाच्या नावाने शंख करत असायचो. "अरे दळभद्र्या, सरळ जळ ना! नतद्रष्टा, तुला कुणी शिकवलं काजळी धरायला? गाढवा! पुन्हा शिंग! पुन्हा!" गिऱ्हाइकं दारातूनच परत जायची. शिंपीदादा शिलाई यंत्र थांबवून ऐकायचा. म्हणायचा, आज जरा सौम्य वाटताय.

उष्णता मोजायला ताप बघायचा थर्मामीटर पेटीत ठेवला होता. सकाळी बघावं, बरोबर. दुपारी बघावं, बरोबर. संध्याकाळी तोच आकडा, केसभर हलला नाही. मी बायकोला मुद्दाम दुकानात बोलावलं.

"बघ," म्हटलं. "मोठमोठ्या यंत्रांना जमत नाही. आठवडाभर पारा जागचा हलला नाही."

तिने थर्मामीटर हातात घेतला. माझ्याकडे बघितलं. "अहो, तुम्ही हा झटकता ना?"

"झटकायचा कशाला?"

"ताप बघून झाला की पारा आपोआप खाली येत नाही. झटकावा लागतो. तुम्ही एकदा वर चढलेला पारा आठवडाभर बघताय."

तिने झटकला, परत आत ठेवला. आम्ही दोघं दुकानाच्या फरशीवर पेटीसमोर बसलो, आजारी पोराच्या उशाशी बसावं तसे. पारा हळूहळू चढला आणि हवा होता तिथून थोडा अलीकडेच थांबला. मी वात किंचित वर केली. आम्ही परत बसलो.

"मेली असतील का गं?"

"मला नाही माहीत." मग ती माझ्या स्वच्छ हातावर हात ठेवून म्हणाली, "आईला काय सांगायचं?"

दवाखान्यात सासूबाई आता खुर्चीत बसू लागल्या होत्या, पण उभं राहायला सांगितलं की डोळे मिटून घ्यायच्या. रोज एकच प्रश्न, आणि रोज माझं एकच उत्तर. ते उत्तर मी आता खिडकीकडे बघत देऊ लागलो होतो. इतकी वर्षं मला वाटायचं की ही बाई माझ्या आयुष्यातून वजा झाली तर मी पेढ्यावाल्याच्या दुकानात दिसेन. आता कळत होतं की अंगणापलीकडून कुणी "वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसा" म्हणणारं नसेल, तर मला कुठे बसावं तेच कळणार नाही.

तीन आठवडे भरत आले तशी मी दुकान सोडेना. त्या दिवशी टळटळीत दुपारी ज्योतीने शिंग काढलं आणि मी तोंड सोडलं. "अरे मुडद्या, आज तरी..." आणि थांबलो. पेटीतून उत्तर आलं होतं.

अगदी बारीक. पिक. मी कान लावला. काही नाही. घसा खाकरून परत म्हणालो, "मुडद्या?" पिक, पिक. एका अंड्याच्या कवचाला तडा गेला होता आणि आतून कुणीतरी माझ्याशी बोलत होतं.

आम्हाला मूल नाही. त्याबद्दल मी कधी बोलत नाही. विनोद करतो आणि विषय बदलतो. त्या दिवशी विनोद सुचला नाही. मी फरशीवर बसून रडलो. शिंपीदादा धावत आला, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कापायला घेतलेल्या कापडाचा तुकडा मला नाक पुसायला दिला.

दुसऱ्या दिवसापर्यंत दोन-तीन अंडी सोडून सगळी फुटली. ओली, चिकट, मान धरता न येणारी पिल्लं वाळून पिवळी, गोल झाली. आणि मग लक्षात आलं की एक घोटाळा झालाय. पिल्लांना मी दाणे दाखवले, ती ढिम्म. बायकोने लाडाने बोलावलं, ती ढिम्म. पण मी कंदिलाला उद्देशून "दळभद्र्या" म्हटलं रे म्हटलं, सगळी लटपटत धावत माझ्या चपलांवर. अंड्यात असल्यापासून बिचाऱ्यांनी दुसरं काही ऐकलंच नव्हतं. त्यांच्या लेखी आईची हाक ती हीच.

पिल्लं निघाल्याची बातमी ऐकून सासूबाई घरी यायला तयार झाल्या, पण चाकाच्या खुर्चीतून. "बघायला येते. चालायचं मात्र मला सांगू नका," त्यांनी डॉक्टरीणबाईंना बजावलं. डॉक्टरीणबाईंनी चार पायांचा वॉकर बरोबर दिला आणि हळूच आम्हाला म्हणाल्या, "घरी चालल्या तर चालल्या. नाहीतर मग अवघड आहे."

बायकोने बेत आखला. पिल्लं खुराड्यापाशी, बाईसाहेब शेजारी दाण्यांवर, पिल्लांच्या उबेसाठी दुकानातून आणलेली पेटी घराकडच्या कोपऱ्यात, पेटत्या कंदिलासकट पोत्याआड झाकलेली. "आईला वाटायला हवं की सगळं तिच्या कोंबडीने केलं. ती खूश झाली तर उठेल. आणि तुम्ही..."

"तोंड उघडायचं नाही."

"काही झालं तरी."

सासूबाईंची खुर्ची अंगणाच्या या टोकाला थांबली. खुराडं त्या टोकाला. बाईसाहेब दाणे टिपत होत्या. पिल्लांकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. सासूबाईंचा चेहरा मात्र फुलला. त्यांनी पदर सावरला, मांडीवर थाप मारली आणि नेहमीच्या गोड आवाजात हाक घातली, "या गं या! ती ती ती!"

एकही पिल्लू हललं नाही.

"ती ती ती! या गं माझ्या बाळांनो!"

काही नाही. सासूबाईंचा हात मांडीवरच राहिला. चेहरा परत भिंतीकडे वळल्यासारखा झाला. "मला ओळखत नाहीत," त्या पुटपुटल्या. "बरोबर आहे. इथे नव्हतेच मी. ने गं मला आत."

बायकोने ओठ आवळले आणि खुर्चीला हात घातला. नेमक्या त्याच क्षणी पोत्याआडून जळका वास आला असणार; मला नाही आला, पण काळ्या धुराची एक बारीक रेघ वर चढताना दिसली. शिंग! मी दात आवळले. धूर जाड झाला. काच तडकल्याचा आवाज आला. माझ्यात जेवढा संयम होता तेवढा संपला.

"अरे नतद्रष्टा!" मी पोतं ओढून ओरडलो. "अरे दळभद्र्या, मुडद्या, आजच्या दिवशी? आत्ता? गाढवा, सरळ जळ म्हणतोय ना!"

सगळी पिल्लं उड्या मारत, एकमेकांच्या अंगावर पडत, चिवचिवाट करत माझ्याकडे धावली. कुणी चपलेवर चढलं, कुणी विजारीच्या पायात घुसलं. मी वात खाली केली आणि वळायची हिंमत होईना म्हणून तसाच उभा राहिलो.

मग सासूबाईंचा आवाज, जुना, डाफरणारा.

"जावईबापू. खुराड्यात रॉकेल घातलंत?"

"फटींतच, आई."

"आणि मग बसलं कोण?"

मी शर्टाच्या टोकाने हात पुसत राहिलो. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, बराच वेळ. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मला वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या. पडल्यापासून पहिल्यांदा, आणि हाड दुखतंय म्हणून पोट धरून, तरीही हसत होत्या.

"वॉकर दे गं," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई?"

"दे म्हणते ना. ती माझ्याकडे येत नसतील तर मलाच जायला हवं." त्या वॉकरला धरून उठल्या. चेहरा पांढरा पडला, पण उभ्या राहिल्या. "आणि तुम्ही काय पुतळ्यासारखे उभे? पुढे चला, खुराड्याकडे. हळू. तुमच्यामागून ती येतील, त्यांच्यामागून मी."

मी चालू लागलो. दोन पावलं टाकली आणि पिल्लं थांबली.

"अहो, थांबली ना ती," सासूबाई मागून ओरडल्या. "शिव्या द्या!"

समोर कंदील नव्हता, रागही उरला नव्हता. पण मागे वॉकर टक टक करत होता, तो थांबू द्यायचा नव्हता. "अरे दळभद्र्या," मी कसंबसं म्हणालो, आणि मग जरा मोठ्याने, "अरे नतद्रष्टा, मुडद्या, गाढवा," असं सगळं अंगण ओलांडेपर्यंत म्हणत राहिलो.